बाही

डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं,
कडेकडेनं पेनाची रेघ ओढली, वरून खाली,
म्हणाले, स्लीव्ह.
मी म्हटलं, कळलं. बाही.
ते हसले. मी नाही.
सत्तावीस वर्षं वडगावात ब्लाऊज शिवते मी.
कापल्यावर कापड मागं येत नाही
हे मला कुणी सांगायला नको.

आधी चौदा दिवस नुसतं पातळ.
लिव्हर लहान व्हायला पाहिजे म्हणे,
ऑपरेशनात बाजूला सारता यायला पाहिजे.
हिरेमठ मॅडमनी छापील तक्ता दिला, कन्नडमधला,
आणि मागच्या बाजूला माझ्यासाठी हातानं मराठी:
ताक, गाळलेलं.
डाळीचं पाणी, गाळलेलं.
नाचण्याची आंबील, तीही गाळलेली.
प्रत्येक ळ वेगळा काढलाय त्यांनी,
एक तर शेवयासारखा.

पहिला दिवस सोपा गेला. उपास माहीत आहेत.
खरं उपासाला दुसरा दिवस असतो, सोडायचा.

तिसऱ्या दिवशी भूक पोटातून उठून
जबड्यात येऊन बसली.
दातांना दोरा तोडण्याएवढंच काम उरलं.
त्या आठवड्यात मी कात्री बाजूला ठेवली,
सगळे दोरे दातानंच तोडले.
एक जरा जास्त वेळ चावला,
खोटं कशाला बोलू. निळा होता.

कल्लाप्पा परसात उभ्यानं जेवायला लागले,
मला दिसू नये म्हणून.
भाकरी मोडल्याचा आवाज येतोच की.
मी पायानं मशीन जोरात चालवते.

चार वाजता मागच्या गल्लीतला मागांचा खडखडाट थांबतो,
माणसं चहाला उठतात,
मल्लव्वा मिरचीभजी तळायला घेते
आणि खिडकीतून विचारते, ऊटा आतेन?
समोरून हुंदऱ्यांच्या काकू: जेवलीस काय गं?
ह्या गावात पाट्यांवरून काय काय झालं,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
खरं हा एक प्रश्न
दोन्ही बाजूंनी रोज माझ्या दारात आणून ठेवलेला,
झाकण न घालता.
मी दोघींनाही म्हणते, झालं.

अकराव्या दिवशी नवरीची आई ब्लाऊज न्यायला आली,
हातात मांड्यांची पाटी.
कागदापेक्षा पातळ, घडीत पिठीसाखर.
वर धरला तर पलीकडची ट्यूबलाईट दिसते.
मी फक्त घडी कशी घातलीय ते बघत होते, धंद्याची सवय.
कोपरा मोडला.
बोट पदराला पुसलं.
रात्री पदर हुंगला.

वहीत सगळ्या गल्लीची मापं आहेत,
कुणाची छाती, कुणाचा दंड, बाळंतपणाआधी आणि नंतर.
माझं नाही.
माझा ब्लाऊज मी जुन्यावरून बेततेय
आणि दर वर्षी थोडं वाढवतेय, अंदाजानं,
टेप न लावता.

आता ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेत.
औषधाच्या टोपणानं पाणी, तीस मिली,
पंधरा मिनिटांनी परत.
घोट घेतला की आत कुठंतरी अरुंद गल्लीतून
हळू जातो, भिंतींना धरत.
पोट काही मागत नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं.
लहान मूल झोपलं की घर जसं गप्प, तसं.
पण आठ वाजले की हात आपोआप तव्याकडे जातो,
पिठाच्या डब्याचं झाकण उघडतो,
आणि मी उभीच, झाकण हातात धरून.
मग ही भूक कुणाची?
एवढी वर्षं मी कुणाला जेवू घालत होते?

गिऱ्हाइकाला उरलेलं कापड परत द्यायचं असतं.
वीतभर चिंधी असली तरी, पिशवीत, वर गाठ मारून.
मी तरी देते.
डॉक्टरांना विचारायचं राहिलं,
त्या कापलेल्या तुकड्याचं काय केलं.

काकूंनी हाक मारली.
थांबा म्हटलं, येते.
पंधरा मिनिटं झालीत,
आधी टोपण.