दोन बोटं काच

उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारच्या दुकानात
वायझरचे चार तुकडे, धुरकट,
पाठीला लाल टेप.
"पावसात दोन बोटं काच खाली ठेवा ताई,
थेंब आत यायचा न्हाई," तो म्हणाला
आणि स्पिरिटच्या फडक्यानं दाराची चौकट पुसू लागला.

बाबा गाडीतून उतरले नाहीत.
चाळीस वर्षं फाउंड्रीत साचे भरलेला माणूस
माझ्या सेकंडहँड गाडीत
मांडीवर टॉवेल पसरून बसलेला,
जशी ही एस.टी. आहे आणि मी कंडक्टर.

एसी त्यांना सोसत नाही. छाती भरते.
मागच्या काचांना जाळीचे पडदे लावले,
म्हणाले, मच्छरदाणी.
उन्हावर चालणारा पंखा काचेत अडकवला,
आठवडाभर फिरला,
रंकाळ्यावर भर उन्हात गाडी उभी होती
नेमका तेव्हाच थांबला.
त्यावर बाबा काही बोलले नाहीत.
तसे ते वर्षभर काही बोलले नव्हते,
मी पुण्याहून दोन बॅगा आणि सही केलेले कागद घेऊन परतले
तेव्हापासून. "जेवलीस?" आणि "कडी लाव,"
एवढंच.

दस्तगीरनं टेप सोलली,
वायझर तळव्यानं दाबून धरला, ओठांत वीस मोजले.
"चोवीस तास काच हलवायची न्हाई. धरू दे त्याला."
तेव्हा बाबा बोलले, माझ्याशी नव्हे, त्याच्याशी:
"साच्याला वेंट मारल्याबिगर वतायचं न्हाई.
तारेनं भोकं पाडायची, बारीक.
वाफंला वाट पायजे.
न्हाईतर वरनं माल झ्याक दिसतोय
आणि मशीनवर घेतला की आत पोकळ्या."
दस्तगीर हसला.
मी तेच पैसे दोनदा मोजले.

चार दिवसांनी, जोतिबाच्या वाटेवर, केर्लीच्या अलीकडं
परतीच्या पावसाची भुरभुर.
काचा आतून पांढऱ्या.
मी बटण शोधतेय, बाबा टॉवेलनं पुसतायत,
पुसलं की पुन्हा पांढरं.
"दोन्ही पुढच्या नकोत. कोपऱ्याला कोपरा.
माझी ही, आन तुझ्या मागली. दोन बोटं."

हवा तिरकी आली,
त्यांच्या कानावरून माझ्या मानेमागे.
कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं,
काहिलीतल्या रसाचा वास, ओल्या पाचटाचा,
पुढच्या ट्रकचं डिझेलही.
थेंब नाही.
काच निवळत गेली, आधी खालून,
मग रस्ता दिसला, मग मैलाचा दगड.

समोर बघतच त्यांनी विचारलं,
"हात उचलला हुता का त्यानं?"
मी तिसरा गिअर टाकला.
"हो."
"येकदा?"
मी आरशात बघितलं. मागं कुणी नव्हतं.
"नाही."

मग बराच वेळ नुसता वायपर.
चढाला लागलो तेव्हा त्यांनी
आपली काच पार खाली घेतली,
वायझरच्या हाताबाहेर.
पाऊस त्यांच्या बाहीवर येत राहिला.
टॉवेल मांडीवरच होता.

संध्याकाळी त्यांना गल्लीच्या तोंडाशी उतरवलं.
"गाडी लावून येतो," मी म्हणाले,
सहा वर्षांनी पहिल्यांदा
'येते' नाही,
आमच्या पेठेतल्या पोरींसारखं 'येतो.'
बाबा दोन पावलं जाऊन वळले.
"काचा?"
"राहू देत जरा उघड्या."
"र्‍हाऊ दे," ते म्हणाले,
आणि कडी न लावता आत गेले.