डावा पाय

किल्ली हातावर ठेवताना हैथम म्हणाला,
लग्न ठरलंय, दोन सीटांत संसार मावत नाही.
मी मान डोलावली. माझा संसार इचलकरंजीत.
मला तर दुसरी सीटही जास्तच होती.

मुल्कियावर नाव चढलं.
अरबीत 'प' नाही, म्हणून हुपरीकरचा हुबरीकर झाला.
मला बरंच वाटलं.
हा हुबरीकर कुणी वेगळा असणार,
एकोणपन्नासाव्या वर्षी पिवळी स्पोर्ट्स कार
त्याला शोभूनही जाईल.
हुपरीकर बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या सिमेंटचा हिशेब ठेवतोय.

आठ रात्री चालवली.
दहानंतर, कुरमच्या किनाऱ्याने, काचा खाली करून,
तिसरा, चौथा, पुन्हा तिसरा.
मामाच्या दुधाच्या टेंपोवर शिकलेला डावा पाय,
इथल्या ऑटोमॅटिकनं कधीचा निजवलेला,
उठून बसला.
घरी सांगितलं नव्हतं. फोनवर म्हणायचो,
जेवलो, आता शतपावली.

नववा दिवस, शुक्रवार, आमरातचा चढ.
आधी वास आला,
इस्त्री शर्टावर विसरून कुणी दार उघडायला गेल्यासारखा.
मग काटा सहा हजारांवर,
इंजिन बोंबलतंय, आणि गाडी?
गाडी वरातीतल्या नवरदेवाच्या चालीनं.
पाण्याचा टँकर मला ओलांडून गेला.
मी पॅडल दाबलं.
ते खाली गेलं ते गेलंच.

तोच टँकरवाला वळणावर थांबून मागे चालत आला,
चाकाखाली दगड लावला, पाण्याची बाटली दिली,
गाडीकडे बघून म्हणाला, माशाल्लाह.
त्यात टोमणा होता का, अजून कळलेलं नाही.
रिकव्हरी यायला दोन तास.
डोंगर तापलेल्या तव्यासारखे, अंधार पडला तरी.
वरून एक बकरी माझ्याकडे बघत होती,
खाली मस्कतचे दिवे.

वादी कबीरच्या गॅरेजात शौकत हमदुले,
मूळचा गुहागरकडचा.
गिअरबॉक्स उतरवून त्यानं प्लेट माझ्या हातात दिली.
पापडाएवढी उरलेली, रिव्हेट वर आलेले,
कडेला निळा डाग.
"ह्याचा काम काय तं, धरायचा नि सोडायचा.
धरून सोडूनच झिजली."
मी सवयीनं मोजायला लागलो,
बावीस वर्षांत किती सुट्ट्या,
किती वेळा एअरपोर्टच्या काचेपलीकडे हात हलवले.
मोजणी अर्ध्यात सोडली.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
हमदुलेनं सांगितलं, चारशे ऐंशी रियाल,
त्यातले पन्नास फ्लायव्हीलचे.

हैथमला फोन केला.
वल्ला, माझ्याकडे होती तेव्हा ठणठणीत होती,
तो म्हणाला, आणि खरंच म्हणाला असावा.
संध्याकाळी लग्नाची पत्रिका पाठवली.

रात्री वृषालीला सगळं सांगितलं.
रक्कम आधी सांगितली, गाडी नंतर,
म्हणजे धक्का उतरत्या क्रमानं बसेल.
ती गप्प. मागे कुकरची तिसरी शिट्टी झाली,
मग ती म्हणाली, रंग कुठला?
पिवळा.
पिवळा कसला पिवळा, हळदीसारखा की लिंबासारखा?
मला सांगता येईना.
मी नीट बघितलाच नव्हता,
सगळ्या फेऱ्या रात्रीच्या.
उद्या उजेडात बघून सांग, ती म्हणाली,
आणि चारशे ऐंशीचं आपण नंतर बोलू.
हे 'नंतर' मी ओळखतो.

सकाळी कंपनीची पांढरी ऑटोमॅटिक घेऊन निघालो,
वाटेत गॅरेजवर डोकावायचं ठरवून.
रुवीच्या सिग्नलला दिवा लाल झाला.
डावा पाय आपसूक उठला,
जिथे काहीच नाही तिथे
हळुवार दाबून आला.