गोडं पाणी

भाचा रितेश, अकोल्याचा.
त्यानं दोन दिवसांत न्हाणीचं बाथरूम केलं होतं.
मातीची आडभिंत पाडून बोर्ड उभा केला,
वर दुधासारखा रंग.
गल्लीतल्या बाया हात लावून बघून गेल्या.

तिसऱ्या वर्षी नळाखाली फुगवटा आला,
भिजलेल्या वहीसारखा.
मी पुढे बादली सरकवली.

मग हे पडले.
छत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले-उतरले,
वादळात तारा जोडल्या, साधं खरचटलं नाही,
आणि इथं, ओल्या फरशीवर,
आधाराची स्टीलची दांडी
हातात घेऊनच खाली बसले.
दांडी, चार स्क्रू, मूठभर पांढरा भुगा.

प्रल्हाद मिस्त्रीनं पेरानं ठोकून पाहिलं.
"आयका बाई. भिंत अशी बोलते का?
ओलीत हिरवा बोर्ड लावाचा असते, हा तं पांढरा.
अन् आपल्या खारपानात हिरवा तरी काऊन लावा?"
सब्बल लागलीच नाही.
थापीच्या टोकानं पापुद्रे उतरत गेले.

मागं लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं,
रितेशचंच अक्षर, वेलांट्या उजवीकडे कललेल्या:
इथे वजन देऊ नये.

मी दोनदा वाचलं.
ह्यांना दाखवलं नाही.

वीट आली, रेती आली.
"बोअरचं पाणी देऊ नका," मिस्त्री म्हणाला,
"खार आत गेला का दिवाळीलोक भिंत फुलते."
नळ सहाव्या दिवशी येतो.
घरात प्यायचे आठ हंडे होते,
पाच सिमेंटनं प्यायले.
नंतर गिलाव्यावर तांब्यानं शिंपत राहिले,
सकाळ, दुपार, संध्याकाळ,
तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवावं तसं जपून,
आणि आम्ही बोअरचा खारट चहा घेतला.
ह्यांनी कपात पाहिलं फक्त.

दांडी आता विटेत आहे, लांब बोल्टनं.
ह्यांनी आधी एका बोटानं ओढली,
मग मुठीनं,
मग खांबावर पट्टा ताणून बघायचे
तसे अंग मागं टाकून रेलले.
मी दारात. पुढं केलेला हात
कुठं ठेवावा कळेना.

रात्री रितेशचा फोन होता.
"मामी, मामा कसे आहेत?"
"धरून उभे राहतात," म्हटलं.
पुढचं तोंडाशी आलं होतं.

पट्टी चुलीत घातली नाही अजून.
शिडीमागं उभी आहे,
अक्षरं भिंतीकडे करून.