एकशे ऐंशीवर, दहा तास

"मीठच आहे हे, फक्त आळशी,"
खैरनार सर पहिल्या दिवशी म्हणाले होते,
"स्फटिकाच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा."
बाटली तिरकी केली की काकवीसारखं सरकतं.
वास नाही, वाफ नाही,
उघडं राहिलं तर उलट वाढतं
सातपूरची दमट हवा पिऊन.

दहा मिलिग्रॅम. कप शर्टाच्या बटणापेक्षा लहान.
नायट्रोजन सुरू, मिनिटाला दहा अंश.
शंभराच्या आसपास रेघ जराशी खाली येते,
ते पाणी. ते धरायचं नाही.
मग सपाट, कितीतरी वेळ सपाट,
आणि दोनशे साठला एकदम कडा,
ब्रह्मगिरीवरून वाकून पाहावं तसा.

अंबडच्या कारखान्याला एवढंच हवंय:
दोनशे पन्नासपर्यंत स्थिर. सही. शिक्का.
त्यांच्या नळ्यांतून ते एकशे ऐंशीवर फिरणार,
रात्रंदिवस.

माझे बाबा तांबट आळीतले.
धग किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही,
किती वेळ, ते विचारायचे.
"कल्हई भडक्यानं जात नाही गं,
रोजच्या आमटीनं जाते."

म्हणून दुसरा थेंब ठेवला.
एकशे ऐंशी. तिथेच थांब.

पडद्यावर काहीच घडत नाही.
क्लोराइड, जो आजवर शेजारी
नुसता बसून होता,
इमिडॅझोलियमच्या अंगावरचा एक मिथिल
अलगद उतरवून घेतो
आणि त्याला घेऊन वायू होऊन निघून जातो.
मागे जे राहतं त्याच्यावर भार उरत नाही.
भार गेला
की तेही उडायला मोकळं.
बाहेरून कुणी काही केलेलं नाही.

साडेतीनला पगारे काका दारातून डोकावले,
"मॅडम, झालं का?"
"चालू आहे."
"मघाशीही असंच दिसत होतं."
हो, मघाशीही असंच दिसत होतं.
फक्त रेघेचं टोक आता
पट्टी लावली तरच कळेल इतकं
खाली.

सकाळी अकरा टक्के गेलेले.
कपाच्या तळाशी चहाच्या डागासारखं काहीतरी.
खैरनार सरांनी चष्मा पुसला.
"हे त्यांनी मागितलंय?"
"नाही."
"याचे पैसे देतील?"
"नाही."
बाहेर त्र्यंबक रोडवर कंपन्यांच्या बस लागत होत्या,
पहिली पाळी उतरत होती, डबे हातात.
सरांनी दोन्ही आलेख एकावर एक धरून
खिडकीच्या उजेडात पाहिले.
"जोड. दुसरं पान म्हणून.
आणि बारीक अक्षरात नको."

पान क्रमांक मी हातानं घातला.
कप भट्टीत, आठशेवर, साफ व्हायला.
त्याला काही होत नाही.
तो कप आहे.