बाण खाली

ग्लोव्हबॉक्स आधी रिकामा केला:
पीयूसी, टोलच्या जुन्या पावत्या, आवळासुपारी,
आणि ते कानातलं, ज्यावरून आपण
चेंबूर नाक्यापर्यंत भांडलो होतो.
दोन्ही कडा दाबल्या. कप्पा लोंबला,
जबडा निखळल्यासारखा.

फिल्टर ओढला तर हातात
माहुलचा काळा थर, मेट्रोच्या खोदाईचा करडा,
पिंपळाचं अर्धं पान, एक पीस.
वॉचमन पाष्टेकाका वाकून बघत म्हणाले,
"छातीचा फोटो काढतात ना, तसं दिसतंय."
आणि खोकले.

नवा घातला तो उलटा; बाण खाली हवा होता.
पुन्हा काढला, पुन्हा घातला,
प्लास्टिकने बोट कापलं.
एसीला आता कसलाच वास नाही.

जुना कचऱ्यात टाकणार तेवढ्यात
काका म्हणाले, द्या इकडे,
माझ्या केबिनच्या फटीत बसेल.