मुदत

नव्या प्रणालीने सोमवारी दुपारी
एकदम चारशे बारा जणांना एसएमएस धाडला :
‘आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे.’

मिठबावकर बाई बारकोड चिकटवत होत्या,
अंगठ्याला डिंक,
जुन्या कार्डांचा ड्रॉवर अर्धा उघडा.

काळाचौकीहून एकच उत्तर आलं :
‘वडील मार्चमध्ये गेले. पुस्तक उशाशीच आहे,
एकाहत्तराव्या पानात बेस्टचं तिकीट.
दंड किती?’

स्क्रीनवर दोनच चौकोन :
परत आले. हरवले.

बाईंनी कार्ड हुडकलं.
सही तिरकी, शाई पार उतरलेली.
मग स्वतःच्याच मोबाइलवरून लिहिलं :
‘घाई नाही. तिकीट तिथेच ठेवा,
जमलं तर पुढचं तुम्ही वाचा.’

मंगळवारी प्रणालीने
त्याच नंबरला
दुसरं स्मरणपत्र धाडलं.