नाशिकरोड, एक दिवस आधी

लॉजच्या रजिस्टरात नाव लिहिलं.
वय लिहिलं, एक वर्ष चुकवून.
'कायमचा पत्ता' पाशी पेन थांबलं तेव्हा
टीव्हीवरची नजर न काढता मॅनेजर म्हणाला,
काहीही लिहा मॅडम, कोण बघतंय.

शांतवनला वाटतंय मी उद्या उतरणार.
तो गाडी काढेल, हार आणेल, बायकोमुलांना आणेल,
माझ्या हातातली बॅग हिसकावून घेईल,
आणि मग मला काहीच धरायला उरणार नाही.
म्हणून मी आज आले.
शरणपूर इथून आठ-नऊ किलोमीटर,
एकोणीस वर्षं, आणि ही एक रात्र.

खिडकीखाली रिक्षावाले ओरडतायत, शालिमार, शालिमार, सीबीएस.
देवळालीकडून तोफांचा सराव ऐकू येतो:
धुम्म.
मग बराच वेळ काही नाही.
मग धुम्म.
लहानपणी आई सांगायची, तिकडे कोणीतरी गाद्या झटकतंय.
मी बरीच मोठी होईपर्यंत
त्या बाईच्या घरच्या गाद्या मोजत होते.

आई गेल्याचा फोन आला तेव्हा
माझे दोन्ही हात एका बाळंतपणात होते.
तियामिकेनं फोन माझ्या कानाला धरला होता.
मी म्हणाले, थांब, जोर लावू नकोस.
शांतवनला म्हणाले की त्या बाईला,
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
त्यानंही कधी विचारलं नाही.

परवा रविवार.
पाळकसाहेब साक्ष द्यायला उभं करतील,
आणि चहाच्या वेळी भाऊसाहेब पारधे नक्की विचारतील, किती?
दर तीन महिन्यांनी मी मलावीहून अहवाल पाठवायचे:
लसी इतक्या, बाळंतपणं इतकी, विहिरी दोन
(एक आटली, ते पुढच्या अहवालात राहून गेलं),
प्रार्थनेला येणारे, अंदाजे.
'अंदाजे' मी किती वेळा लिहिलं
त्याची नोंद कुणीच मागितली नाही.

तियामिके त्या अंदाजात नव्हती.
ती कधीच आली नाही प्रार्थनेला.
रात्रीबेरात्री निरोप आला की कंदील घेऊन पुढे चालायची,
म्हणजे साप असलाच तर आधी तिचा पाय.
हिवतापात मी पडले तेव्हा
मक्याची पातळ पेज भरवली तिनं चमच्यानं,
आणि तळ्यातल्या माशाचे काटे
स्वतःच्या दातांनी काढून दिले.
मी तिला काय दिलं, असं कुणी विचारलं तर
हात स्वच्छ धुवायला शिकवलं, एवढं खरं सांगता येईल.

निघाले त्या दिवशी ती निरोपाला आली नाही.
शेतात काम होतं म्हणे.
भुईमुगाच्या शेंगांची पिशवी तेवढी पाठवली.
ती मुंबईला विमानतळावर काढून घेतली.
एक शेंग कोटाच्या खिशात राहिली होती,
ती आत्ता खाल्ली.
एक दाणा खवट निघाला.

तिकडे आभार मानायला आणि 'जरा माफ करा' म्हणायला
एकच शब्द पुरतो, झिकोमो.
गर्दीत वाट मागताना तोच,
कुणी भाकरी पुढे केली तर तोच.
इतकी वर्षं दोन्ही एकदम म्हणत आले.
रविवारी व्यासपीठावर मराठीत
दोहोंपैकी एक निवडावं लागेल,
आणि मंडळींनी एकाचीच तयारी केली असणार.

झोप नाही. बूट धुवायला घेतले.
तळव्यांच्या खाचांत तिकडची लाल माती,
वाळून विटकरीसारखी झालेली.
लॉजच्या दातघासणीनं खरवडली.
मोरीतून लाल पाणी निघालं,
आता वालदेवीला जाईल, पुढे गोदावरीला,
कुणाला काही कळायच्या आत.

एक बूट झाला.
दुसरा हातात घेऊन तशीच बसले बराच वेळ.
धुम्म.
मग तो तसाच ठेवला, दाराशी, पहिल्याच्या शेजारी.
शांतवनच्या बायकोच्या लक्षात येईल.
येऊ दे.